वाघसाहेबांचा गुलाबी चहा

जंगलात कचेऱ्या नव्यानेच निघाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वाघसाहेबांनी परमुलखातून गुलाब-वेलचीच्या टी-बॅगा आणल्या आणि सगळ्यांना चव घ्यायला बोलावलं. बढत्या त्याच दिवशी ठरायच्या होत्या, त्यामुळे झाडून सगळे हजर राहिले.

"अहाहा! गुलाबाच्या बागेत उभा आहे असं वाटतंय," कोल्हा डोळे मिटून म्हणाला. सशाला तर वेलचीने ठसकाच लागला.

साळिंदराने घोट घेतला. त्याला नुसतं गरम पाणी लागलं. आपली जीभच गेली की काय, म्हणून बिचारा घाबरला. मग त्याची नजर टेबलावर गेली. टी-बॅगांचा डबा अजून उघडलेलाच नव्हता.

"साहेब, बॅगा घालायच्या राहिल्यात," तो हळूच म्हणाला.

वाघसाहेबांच्या मिशा थरथरल्या.

"उंची चहा असाच असतो," कोल्हा चटकन म्हणाला. "डबा नुसता जवळ ठेवला तरी स्वाद उतरतो."

"मी तेच सांगणार होतो," साहेब खूश होऊन म्हणाले.

कोल्ह्याला बढती मिळाली. साळिंदराला जीभ तपासून घ्यायला रजेवर धाडलं. सशाने त्याला दारात गाठलं आणि कुजबुजत विचारलं, "तुलाही पाणीच लागलं ना रे?"

"हे आत जाऊन मोठ्याने विचार," साळिंदर म्हणाला.

ससा आत गेला आणि त्याने आणखी एक कप मागितला.