नावातला मासा

दूरच्या महासागरात शिकून एक तरुण कासवी कोकणातल्या आपल्या खाडीकडे परत येत होती. मुलांनो, तिला वाटले होते की आपण दिसताच सगळे गोळा होतील, प्रवासाच्या गोष्टी विचारतील आणि मग आपण त्यांना शिकलेले सगळे सांगू. प्रत्यक्षात तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आईपासून चुकलेले देवमाशाचे एक पिल्लू दमूनभागून तिथे आले होते आणि जो तो त्याच्याच सेवेत होता. पिल्लू सारखे वर जायला धडपडत होते. खडकातल्या ऑक्टोपसमावशीने मात्र त्याला आठही हातांनी कवटाळून तळाशी धरून ठेवले होते.

"मावशी, आधी सोड त्याला," कासवी म्हणाली.

"सोडू कशी? माशाने पाण्याबाहेर डोकं काढलं की संपलाच तो. मला तीन हृदयं आहेत गं, तिन्ही तुटतायत या लेकरासाठी."

"पण तो मासा नाहीच."

बाजूचा खेकडा खो खो हसला. "देवमासा, पण मासा नाही. एवढे समुद्र पालथे घालून हेच शिकलीस होय?"

कासवीला स्फुरण चढले. देवमासा सस्तन असतो, त्याला फुप्फुसे असतात, त्याची पिल्ले आईचे दूध पितात, असे ती भराभर सांगत सुटली. पाण्यात दूध म्हटल्यावर तर भोवती जमलेल्या बांगडा माशांची हसून हसून पुरेवाट झाली.

"अरे, श्वासासाठी मीसुद्धा वर जातेच ना?" ती कळवळून म्हणाली.

"तू जातेस हवा खायला," खेकडा म्हणाला. "तुझी चैन आम्हाला काय ठाऊक नाही?"

एवढ्यात पिल्लाची शेपटी हलायची थांबली. आपण बोलत बसलो, तर हे पिल्लू आपल्या भाषणातच गुदमरून मरेल, हे तिला कळले. तिने आवाज खाली आणला.

"बरं मावशी, मासाच आहे असं धरू. मग त्याचे कल्ले कुठे आहेत, ते तेवढे दाखव."

"त्यात काय दाखवायचं? सगळ्यांचे असतात तिथेच," म्हणत मावशीने एक हात पिल्लाच्या गालामागे फिरवला. मग दुसऱ्या बाजूने दुसरा. खेकडाही तिरका तिरका चालत पाहून आला, पण कल्ले त्यालाही सापडले नाहीत. शेवटी मावशीचा हात पिल्लाच्या डोक्यावर पोहोचला. "इथे एक भोक आहे," ती हळूच म्हणाली. "घट्ट मिटलेलं."

"ते त्याचं नाक. पाण्याखाली ते मिटलेलंच असतं, वर गेल्यावर उघडतं."

मावशीचे आठही हात सैल झाले. पिल्लात पोहण्याचे त्राण उरले नव्हते. कासवीने त्याच्या पोटाखाली आपली पाठ दिली, मावशीने खालून रेटले, बांगड्यांनी दोन्ही बाजूंनी सावरले. पृष्ठभागावर येताच ते भोक फुस्सकन उघडले, दमट हवेचा फवारा उंच उडाला आणि पिल्लाने छाती भरून श्वास घेतला. मग त्याने हाक मारली. खोल समुद्रातून ओ आली आणि पाठोपाठ त्याची आई.

आईला सगळी हकिकत कळली, तेव्हा मावशीची नजर वर होईना. आई म्हणाली, "मावशी, माया तुमची खरीच होती. आमच्यात बाळ जन्मलं, की आधी त्याला वर न्यायचं असतं. एवढंच तुम्हाला माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकरे निघून गेली. खेकड्याने विचारले, "काय बाई, आता शाळा काढणार असशील?"

"काढणार," कासवी म्हणाली. "पण ज्याच्याबद्दल धडा, त्यालाच आधी विचारायचं, असं मी ठरवलंय." आणि ती खडकाशी जाऊन बसली. "मावशी, एकटीला तीन हृदयं कशाला गं लागतात?"

तात्पर्य : नाव माहीत असले म्हणजे ओळख झाली असे नव्हे, ज्याला मदत करायची, त्याची गरज आधी नीट पाहावी.