बॉनेटवरचा हात

एकदा एका म्हाताऱ्या मेकॅनिकने आपल्या शिष्याला भर दुपारी तीन तास ताटकळत ठेवलं, त्याची ही कथा.

शिष्य कॉलेज अर्धवट सोडून त्याच्या गॅरेजात शिकत होता. एका रुग्णालयातल्या परिचारिकांची ने-आण करण्याचं काम त्याला मिळालं होतं. अट एकच, सोमवारी सकाळी गाडी दारात हवी. नाहीतर काम दुसऱ्याला. त्या दिवशी शनिवार होता. तीन वर्षांची शिल्लक खिशात होती आणि तेवढ्यात बसणारी एक जुनी गाडी एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये उभी होती. सकाळपासून जागची हललेली नाही, असं व्यापारी म्हणाला.

बाराच्या सुमारास दोघं तिथे पोहोचले. उस्तादांनी, म्हणजे त्या म्हाताऱ्या मेकॅनिकने, बॉनेटवर तळहात ठेवला. मग किल्ली मागून घेतली, स्वतःच्या खिशात टाकली आणि खुर्ची ओढून बसले. चक्कर मारून बघा की काका, असं व्यापाऱ्याने दोनदा सुचवलं. उस्ताद म्हणाले, आधी चहा सांगा.

चहा झाला. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजत आले. चारला दुसरं गिऱ्हाईक येतंय, असं व्यापारी ऐकवत राहिला. शिष्य शेडभर येरझाऱ्या घालत होता. ‘थांब’ हा म्हाताऱ्यांचा लाडका शब्द. त्यांचं सगळं उरकून झालेलं असतं. शेवटी तो म्हणालाच, “उस्ताद, थांबायचं वय तुमचं आहे, माझं नाही. किल्ली द्या.”

उस्तादांनी उठून पुन्हा बॉनेटवर हात ठेवला आणि किल्ली दिली. “आता मार सेल्फ.”

गाडी तीनदा खोकली. चौथ्यांदा खडखडत सुरू झाली आणि निळा धूर शेडभर पसरला. सावलीत राहून जरा आळसावलीय, असं व्यापारी म्हणाला.

शिष्य बाहेर येऊन उस्तादांवर उखडला. “तुम्हाला हात लावताच कळलं होतं. तेव्हाच का नाही बोललात?”

“सावलीतली गाडी, आणि बॉनेट गरम,” उस्ताद म्हणाले. “गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं की रोग लपतो. पुरतं गार झाल्यावर सुरू केलं, तरच दिसतो.” मग दोन-तीनदा घसा खाकरून म्हणाले, “अशाच एका शेडमध्ये सात वर्षं गाड्या तापवायचं काम मी केलंय. तुझ्यासारख्याच पोरांच्या गळ्यात त्या पडल्या. हे तोंडातून निघायला मला तीन तास लागले, लेका.”

शिष्याने त्यांना क्षमा वगैरे केली नाही. पण गुळगुळीत उपदेश त्याने जन्मभर ऐकले होते. हे बोलणं त्या गाडीसारखंच अडखळत, धूर सोडत सुरू झालं होतं. म्हणूनच त्याने ते खरं मानलं.

रविवारी दुसऱ्या व्यापाऱ्याचं शटर वर जाताच तो आत शिरला आणि एका रंग उडालेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. धूर नव्हता.

गाडी असो की वडीलधाऱ्यांचा उपदेश, आपण येण्याआधीच कुणी ती गोष्ट तापवून ठेवली आहे का, हे आधी हात लावून बघावं.