भट्टीचं दार

रानातही घरोघरी भट्ट्या पेटत, त्या काळची गोष्ट. एका कपारीत झिपरी नावाची खार आपल्या आजारी आईबरोबर राहत होती. आईने अन्नच सोडलं होतं. "गरम फुगेपाव असता तर खाल्ला असता," एवढंच ती एकदा पुटपुटली.

झिपरीने अंडी, दूध आणि मैदा घुसळून पातळ पीठ केलं आणि वाट्यांत ओतून भट्टीत ठेवलं. शेजारचा कावळा मदतीला आला होता. पाव फुगलेत का ते बघायला त्याने मध्येच दार उघडलं. गार वारा आत शिरला आणि पाव फसकन खाली बसले.

झिपरीने डोळे पुसले. उरलेलं पीठ वाट्यांत ओतून आत ठेवलं आणि ती दाराला पाठ लावून बसली.

"अगं, करपतील! जरासं बघू दे," कावळा म्हणाला.

"नाही, कावळेदादा. आता मधेच दार उघडायचं नाही."

पाठ भाजत होती. हेही बिघडले तर पीठ संपलेलं, हे तिला ठाऊक होतं. तरी खमंग वास घरभर पसरेपर्यंत ती हलली नाही.

मग तिने दार उघडलं. पाव टम्म फुगले होते. त्यातला एक तिने तसाच आईपुढे धरला. आईने तो फोडला, वाफ नाकात भरून घेतली आणि सावकाश खाल्ला.

"झिपरे," ती म्हणाली, "आणखी एक आण."