तरवडाची साल

बोडक्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे गोजराई नावाची म्हातारी सुईण राहायची. बाळंतपणं तर तिच्याकडे होतीच, पण कुणाचं मूल सांभाळ, कुणाच्या आजारी माणसाला न्हाऊ घाल, तेही तिच्याच गळ्यात पडे. ती नाही म्हणत नसे, म्हणून जो तो तिलाच हाक मारी. हल्ली तिचे गुडघे पार कामातून गेले होते. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गावाबाहेर खिंडीत तरवडाचं एक जुनं झुडूप होतं. भर वैशाखातही हिरवंगार! कातडी कमावायला, लोकर रंगवायला, घसा धरला तर काढ्याला, त्याचीच साल लागे. गावाची रीतही चांगली होती. साल फक्त दोन बोटं रुंद काढायची, तीही एकाच बाजूने, म्हणजे झुडूप जगतं.

एकदा गोजराई शेजारच्या वाडीतलं अवघड बाळंतपण उरकून परतत होती. दोन दिवस तिने पाठ टेकली नव्हती. खिंडीत येऊन पाहते तो तरवडाने मान टाकलेली आणि दोघंजण भांडत उभे.

"म्या दोनच बोटं काढली, उगवतीच्या अंगानं," कातडी कमावणारा येसबा म्हणाला.

"म्या बी दोनच, मावळतीकडनं," घोंगड्या विणणारा धोंडजी म्हणाला.

दोघंही खरं बोलत होते. गावातले बाकीचेही असेच आपापली दोन बोटं काढून गेले होते. गोजराईने खोडावरून हात फिरवला. साल चहूबाजूंनी गेली होती. झुडूप आता वाचणार नव्हतं.

"हिरवं दिसायचं, म्हून कुणी बघितलंच न्हाई," येसबा खाली मान घालून म्हणाला.

गोजराईला भरून आलं. झुडपाचं वाईट वाटलं, आणि स्वतःचंही वाटलं.

धोंडजीच्या ते ध्यानात आलं नाही. तो म्हणाला, "मावशे, आलीयास तर घराकडं चल. नातू किरकिरतोय. जरा पोट चोळून दे. घडीभराचं तर काम!"

गोजराई तिथेच मातीत बसली.

"घडीभराचंच हाय रं बाबा. समद्यांचं घडीभराचंच असतंय. पर मी दमलेय. लई दमलेय. आज मलाच कुणीतरी घरी न्या."

इतक्या वर्षांत ती दमत असेल, असं दोघांच्या मनातही आलं नव्हतं. येसबाने तिचं गाठोडं उचललं. धोंडजीने पुढे होऊन हात दिला.

तात्पर्य: देणारा हिरवा दिसतो म्हणून थोडं थोडं घेत राहू नये, आधी त्याच्यापाशी काय उरलं आहे, ते विचारावं.