तांबड्या चिंधीची गोणी

वरच्यावाडीच्या कोठारात कॉफीच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या असतात. त्यांतल्या दहा-बारा मात्र थप्पीत नसतात. दाराच्या उजव्या हाताला, फळ्यांवर, त्या वेगळ्या मांडलेल्या दिसतात आणि प्रत्येकीच्या तोंडाला तांबडी चिंधी बांधलेली असते. हे साळूच्या माथ्यावरचे दाणे. त्यांत दुसऱ्या उतारावरचा एक दाणाही मिसळत नाहीत. दूरदेशीचे व्यापारी समुद्र ओलांडून बेटावर येतात, डोंगर चढून वाडीत पोचतात, ते याच गोण्यांसाठी. चिंधी बोटांनी चाचपतात आणि विचारतात, ही शुभाची खूण का?

मग भिवाजी राघोजी त्यांना ओट्यावर बसवून घेतात. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. राघोजी हे त्यांचं आडनाव. बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या पुरुषाचं नावच पुढे घराण्याला चिकटलं, तशी तिथली रीत आहे.

“शुभाची नव्हे,” भिवाजी म्हणतात. “आमच्या चुकीची आहे.” आणि सांगायला लागतात, त्यांच्या कानावर जसं आलं तसं.

राघोजी कोकणातून जहाजानं आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची बायको गोदावरी, धाकटी बहीण साळू आणि साळूचा नवरा अशी तीन माणसं होती, असं सांगतात. खाली सपाटीवर उसाचा मळा होता. मळ्यावर जिवा सरदार नावाचा मुकादम होता. तोही आपल्याच मुलखातला, पण मळ्याच्या साहेबापेक्षा त्याचीच भीती जास्त. दुसऱ्या वर्षी साळूचा नवरा तापानं फणफणला. जिवानं त्याला चटईवरून ओढून उठवलं आणि तोडणीला नेलं. दुपारी तो उसाच्या सरीत पडला, तो उठलाच नाही.

साळू रडली नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्यावर नवऱ्याची घोंगडी धूत असताना ती राघोजीला एवढंच म्हणाली, “दादा, हा माणूस एक दिवस माझ्या हातून मरेल.” राघोजीनं ते ऐकलं आणि पोटात ठेवलं. गोदावरीलाही सांगितलं नाही.

मळ्यावरच्या मजुरीचा करार संपल्यावर बारा घरं डोंगरावर आली. खालची जमीन मिळण्यासारखी नव्हती आणि वरची कोणाला नको होती. तीही मळ्याच्याच मालकीची. साहेबाच्या मर्जीवर वाडी वसली. वाडीच्याही वर एक माथा होता. दुपारपर्यंत तिथलं धुकं हलायचं नाही. कोणे एके काळी एका गोऱ्यानं तिथं कॉफी लावली होती म्हणे, पण एका वादळात घर उडालं, तसा तो सगळं टाकून निघून गेला. झाडं वेलींनी गुरफटून गेली होती. साळूनं ती शोधून काढली. तीन वर्षं ती एकटी कोयता घेऊन चढायची आणि एकेक झाड मोकळं करायची. फळं धरू लागली तेव्हा पूर्ण तांबडं झालेलं फळच ती तोडी. शेजारचं अर्धं हिरवं असलं तर त्या एका फळासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून जाई. राघोजीच्या ओट्यावर ती दाणे खापरात भाजायची, उखळात कुटायची. सकाळी डोळे उघडले की राघोजीच्या पुढ्यात बहिणीच्या हातचा पेला असायचा. सात-आठ वर्षं अशी गेली.

मग एका तोडणीच्या हंगामात, मजूर कमी पडले म्हणून, जिवा सरदार वाडीत माणसं मागायला आला. बापये रानात गेलेले. गोदावरी ओढ्यावर. साळू एकटी ओट्यावर दाणे भाजत होती. तो आला तोच थरथरत होता असं ती पुढे म्हणाली, पण ते बघायला दुसरं कोणी नव्हतं. त्यानं पाणी मागितलं. तिनं कॉफी दिली. दोघांत काय बोलणं झालं ते कोणालाच ठाऊक नाही. पेला संपवून तो उठला, उतरणीला लागला आणि ओढ्याच्या अलीकडे आडवा झाला. कपडे पिळणाऱ्या बायका धावत गेल्या तेव्हा तो गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी बैठकेत जमली. बैठक म्हणजे गवतानं शाकारलेली देवाची खोली, वाडीचा न्यायनिवाडा तिथंच व्हायचा. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मळ्याचा माणूस वाडीत मेला, आता साहेब बाराही घरं डोंगरावरून हुसकावणार, हीच भीती.

वाडीतले जाणते महादबा म्हणाले, “साळू, त्या पेल्यात काय होतं?”

“कॉफी.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

साळू उठून गेली आणि येताना आदल्या दिवशीचे तेच भाजलेले दाणे, तेच भांडं घेऊन आली. सगळ्यांच्या देखत तिनं दाणे कुटले, पाणी उकळलं, पेला भरला. “मी प्यायले तर म्हणाल, हिला कुठं जगायची हौस आहे,” ती म्हणाली. “दादानं घ्यावी. दादाच्या जिवाला मी काही करणार नाही, एवढं तरी तुम्ही मानाल.”

आणि तिनं पेला राघोजीपुढं धरला.

राघोजी पुढे म्हातारपणी सांगायचा म्हणे, की त्या क्षणी त्याला पेला दिसलाच नाही. त्याला ओढा दिसला, घोंगडी दिसली आणि कितीतरी वर्षांपूर्वीचं ते वाक्य ऐकू आलं. वाडीतल्या कोणाला माहीत नसलेलं, एकट्या त्यालाच माहीत असलेलं. त्याचा हात पुढे झाला होता. अर्ध्यावर गेला होता. तिथून तो मागे आला आणि राघोजीनं तळवा धोतराला पुसला.

“साळू,” तो हळूच म्हणाला, “खरं सांग. काही घातलं नव्हतंस ना?”

साळूनं त्याच्याकडे पाहिलं. पेला स्वतःच्या तोंडाला लावला, गाळासकट प्यायली आणि उपडा करून जमिनीवर ठेवला. मग ती बैठकेतून निघाली ती घराकडे न वळता सरळ माथ्याची वाट चालू लागली. तिला काही झालं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. तरी बायका कुजबुजल्या, कालचं काल, आजचं आज; काल काय घातलं होतं कोण जाणे.

त्याच आठवड्यात वाडीची कॉफी बंदरावर जायची होती. तोवर साळूचं बघून सगळ्यांनीच खालच्या उतारांवर रोपं लावली होती आणि दाणे एकत्र करून गोण्या भरत. त्या वर्षी साळूची गोणी कोणी आपल्यात घेईना. विषारी हाताचे दाणे चुकून मिसळायला नकोत म्हणून महादबांनी जुन्या लुगड्याची तांबडी पट्टी फाडली आणि त्या गोणीला खूण बांधायला सांगितली. बांधली ती राघोजीनं. नाही म्हणायचं बळ त्याच्यात नव्हतं.

आठ दिवसांनी खालून बातमी आली. मळ्याच्या चाळींत ताप पसरला होता. सात माणसं दगावली होती आणि जिवा सरदार वर चढला त्याच्या आदल्या दिवसापासून त्याच तापानं आजारी होता. मळ्याच्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं. साहेबानं वाडीला हातही लावला नाही.

राघोजी धावतच माथ्यावर गेला. साळूनं त्या गोऱ्याच्या पडक्या घराच्या दगडांना टेकून झावळ्यांचं खोपट घातलं होतं. तो दारात बसला आणि लहान मुलासारखा रडला. “चल घरी,” म्हणाला. “गोदा वाट बघते आहे. महादबा स्वतः येणार होते, मी त्यांना थांबवलं.”

साळू सालं काढत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“मी रागावले नाही रे दादा,” ती म्हणाली. “पण तिथं मी पेला पुढं केला, की रोज सकाळी माझी नजर तुझ्या हातावर जाईल. तो पुढं येतो का, कुठं थांबतो का, हेच बघत बसेन. तुझ्याही ते लक्षात येईल. तसं कसं जगायचं?”

निघताना राघोजीनं कोपऱ्यातल्या रिकाम्या गोणीवरची तांबडी पट्टी सोडायला घेतली. बंदरावरून ती गोणी परत आली होती. व्यापाऱ्यानं सगळ्यांची कॉफी चाखली होती आणि निरोप धाडला होता, की तांबड्या खुणेचे दाणे पुढल्या वर्षीही असेच निराळे आणा, असा स्वाद बेटावर दुसरीकडे नाही. वाडीला मात्र आता त्या खुणेची लाज वाटत होती.

“राहू दे,” साळू म्हणाली. “बांधलीस ना? राहू दे आता.”

त्यानंतर सतरा वर्षं साळू माथ्यावर राहिली. तोडणीच्या दिवसांत राघोजी चढून जाई. ती त्याला पेला देई. तो निवायलाही न थांबता एका दमात पिऊन टाकी, जीभ भाजली तरी. पण त्याचा उपयोग नव्हता, कारण पेला त्याच्यापुढं ठेवला की साळू तोंड फिरवून दरीकडे पाहत बसायची. तो रिकामा झाल्याचा आवाज आला की मगच वळायची. मग त्याच्या पोरींची, गोदावरीची, पावसाची चौकशी करायची. वाकडा शब्द तिनं एकदाही काढला नाही. राघोजी म्हणे, तिनं एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्या.

अठराव्या वर्षी त्याला चढायला उशीर झाला. तो गेला तेव्हा खोपटातून धूर येत नव्हता. साळू आत निजल्यासारखी होती, हात उशाशी. तिला जाऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. झाडं मात्र फळांनी लाल झाली होती. तोडणीची वेळ कधीच टळून गेली होती, खालच्या उतारांवर राहिलेली फळं गळून कुजली होती, पण माथ्यावरचं एक फळ देठापासून सुटलं नव्हतं. झाडं तिची वाट बघत थांबली होती असं सांगतात. वाडीनं तिला तिथंच, झाडांच्या सावलीत ठेवलं.

राघोजी मग महिनाभर खाली उतरला नाही. त्यानं एकट्यानं सगळी फळं तोडली, सालं काढली, चटयांवर दाणे वाळवले. गोणी पाठीवर घेऊन तो वाडीत आला तेव्हा महादबांचा मुलगा म्हणाला, “काका, आता तरी आमच्यात मिसळू द्या. झालं गेलं.”

“नाही,” राघोजी म्हणाला. “आपण तिला वेगळी केली. आता आपल्या सोयीनं जवळ करायची नाही.” आणि वाडीच्या देखत त्यानं चिंधी पुन्हा आवळून बांधली.

तेव्हापासून माथ्यावरची फळं खालच्यांपेक्षा महिना-दीड महिना उशिरा पिकतात. गेल्या काही वर्षांत शेतकीचे जाणकार येऊन गेले. उंची, गारवा आणि धुकं यांमुळे फळ सावकाश पिकतं, म्हणून त्या दाण्यात ती गोडी उतरते, असं त्यांनी समजावलं. भिवाजींनी मान डोलावली. तेही असेल, म्हणाले.

पाहुणे इथपर्यंत ऐकतात आणि कोणीतरी विचारतोच, शेवटी तिनं भावाला क्षमा केली का?

भिवाजी सांगतात, की राघोजीला हे त्याच्या नातवंडांनीही विचारलं होतं. तो अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या पोरींनी त्याचं मन राखायला म्हटलं, आत्यानं मनातून क्षमा केली असणार. तेव्हा त्यानं हातानंच थांबवलं. “ती जेवढं बोलली तेवढंच सांगा,” म्हणाला. “तिच्या तोंडी जास्तीचं घालू नका.”

आजही तोडणी झाली की राघोजींच्या घरातलं वडील माणूस माथ्यावरच्या गोण्यांना आपल्या हातानं तांबडी चिंधी बांधतं आणि वाडीतल्या पोरासोरांना ही गोष्ट सांगतं. पाच पिढ्यांत ती किती तोंडांतून गेली असेल. पण वरच्यावाडीत अजून कोणी त्या गोष्टीत क्षमेचा शब्द घातलेला नाही.