कोंडेचं तळं

पायऱ्या जपून उतरा. पूर्वेकडच्या तेवढ्या धड आहेत, बाकीच्या तिन्ही बाजूंनी म्हशीसुद्धा उतरायला तयार नसतात. हे आमचं तळं. सरकारी कागदात त्याला काय म्हणतात ते तलाठ्याला ठाऊक, पण घोणवडीत लहानथोर सगळे याला कोंडेचं तळं म्हणतात. कोंड्याचं नाही हं, कोंडेचं. वहीत लिहून घेताय तर नीट ऐकून लिहा. एवढ्याशा फरकापायी इथं एकदा एका लेकराच्या जिवावर बेतलं होतं, असं सांगतात.

मी इथल्या गुरवाची सून. आता सून कसली म्हणा, नातसुना आल्या घरात. वाघजाईची पूजा आमच्याकडे आहे आणि आल्यागेल्याला ही हकिकत सांगण्याचं कामही आमच्याचकडे. माझे मालक होते तोवर ते सांगायचे. पण पाथरवटांनी हे चिरे कसे बसवले यातच ते रमायचे आणि बायकांचं सगळं दोन वाक्यांत उरकायचे. मला ते कधी पटलं नाही. चिरे काय, ते तुम्हाला दिसतातच.

तुमच्या कॉलेजातल्या बाईंनी पत्रातून विचारलं होतं की घोणवडीत नवरीचं नाव का बदलत नाहीत. इतरत्र ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरी वीस वर्षं जिला गोदा म्हणून हाक मारली ती संध्याकाळपर्यंत दुसरीच कोणीतरी होते. आमच्याकडेही ताट मांडतात, तांदूळ पसरतात, पण अंगठी नवरीच्या हातात देतात. आईबापांनी ठेवलेलं नाव ती स्वतः लिहिते. मग वरात घरी न जाता आधी इथं येते. हे कुठून आलं, ते आता ऐका.

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. मला माझ्या आजेसासूनं सांगितली आणि तिला तिच्या. तेव्हा इथं तळं नव्हतं. बाया दोन कोसांवरच्या डोहातून पाणी आणत. गावचे पाटील होते रायाजी. गावाला तळं देईन असा नवस त्यांनी वाघजाईला बोलला आणि सगळं गाव खणायला लागलं. बारा हात खाली गेले, पाणी नाही. चारी बाजूंनी पायऱ्या बांधून झाल्या, तरी आत माती कोरडी ठाक. त्यात पावसानं दोन वर्षं दडी मारली आणि डोहही आटत चालला. आता पाणी लागलं नाही तर गाव उठणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

तेव्हा वाघजाईला गाऱ्हाणं घातलं. भगताच्या अंगात देवी आली आणि म्हणाली, "कोंडेच्या नावानं पाणी सोडा. पाणी लागंल."

आता गंमत बघा. लोकांनी ऐकलं 'कोंड्याच्या'. देवीला कोंडा हवा, यात अवघड ते काय! घरोघरच्या बायांनी सुपं झटकली, जोंधळ्याचा, बाजरीचा, होता नव्हता तेवढा कोंडा आणून या खड्ड्यात ओतला आणि वर पाच घागरी पाणी सोडलं. पाणी काही लागलं नाही. गावभरच्या कोंबड्या मात्र इथं जमल्या आणि दोन दिवस हलल्या नाहीत, म्हणे.

शेवटी राखमा कुंभारीण बोलली. म्हातारी होती, पण कान तिखट. "देवी कोंडेच्या म्हनली, कोंड्याच्या न्हाई. कोंडा ह्ये बाईचं नाव हाय."

पाणी सोडणं म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे. आपण आशेवर पाणी सोडतो, हक्कावर पाणी सोडतो. जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडलं की ते माणूस आपल्यातून गेलं. देवी कोंडा नावाची बाई मागते आहे, असा सगळ्यांनी अर्थ काढला. त्या काळी तळ्याला माणूस द्यावं लागतं असं लोक मानत, आणि ते माणूस बहुतेक दुसऱ्या घरातून आलेलं असे.

पाटलांनी गावात शोध घेतला. घोणवडीत कोंडा नावाची एकही बाई निघाली नाही. निघणार कशी? गावात होत्या पाटलीण, कुंभारीण, थोरली, धाकटी, अमक्याची आई, तमक्याची सून. शोध घेणाऱ्यांनी दारोदार जाऊन पुरुषांना विचारलं. एखाद्या बाईला 'तुझं याआधी काही नाव होतं का' असं विचारावं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि कोंडा तर पाटलांच्याच घरात होती. त्यांची सून अन्नपूर्णा.

तिच्या आईची आधीची तीन मुलं गेली होती. चौथी ही झाली तेव्हा आईनं तिला सुपातल्या कोंड्यात लोळवलं, वाघजाईच्या पायाशी ठेवलं आणि नाव कोंडा ठेवलं. कोंड्याकडे कोण ढुंकून बघतं? मरणही बघणार नाही, असा त्या माउलीचा हिशेब. आणि पोर जगली. पुढं लग्न होऊन या घरात आली तेव्हा पाटलीणबाई म्हणाल्या, घरात कोंडा कशाला आणू, अन्नपूर्णा आणीन. परातीत जोंधळे पसरले, लेकाकडून त्यांत नवं नाव गिरवून घेतलं आणि जुनं कोणी उच्चारायचं नाही असं बजावलं. दुसऱ्याच वर्षी तिची आई गेली. त्यानंतर त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. असं सांगतात की पाणी भरताना ती रांजणात डोकावून हळूच "कोंडे" म्हणायची आणि आतून आवाज फिरून आला की तिला बरं वाटायचं. नऊ वर्षं तिनं असं काढलं.

त्या दिवशी देवळासमोर तीही उभी होती. देवी काय म्हणाली ते तिनं पहिल्याच खेपेला बरोबर ऐकलं होतं. पण बोलली नाही. का बोलेल? घरात चार वर्षांची लेक होती, जीव कोणाला नको असतो? मी असते तर मीही गप्प बसले असते. तिचा नवरा सुभानजी जेवताना तिलाच म्हणाला, "लोकबी काय नावं ठेवत्यात! कोंडा म्हनं!" तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यानं खरोखरच कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्याला खरोखरच माहीत नव्हतं. या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त राग त्याचा येतो.

माहीत होतं ते सासूला. सकाळी दोघी जात्याच्या दोन बाजूंना बसल्या. खुंट्यावर दोघींचे हात. रोज ओव्या म्हणणाऱ्या बाया त्या दिवशी पायलीभर दळण होईस्तोवर गप्प होत्या. सासूला वाटत होतं, सून बोलेल. सुनेला वाटत होतं, सासू बोलेल. आणि दोघींनाही वाटत होतं की कोणी बोलू नये.

एवढ्यात गावाला तोड सापडली. डोंगरापलीकडच्या धनगरवाड्यात कोंडा नावाची सहा वर्षांची पोर होती. तिच्याही आईनं तेच केलेलं. पाटलांच्या माणसांनी तिच्या बापाला सांगितलं, पोर पाटलांच्या घरी लेकीसारखी वाढेल. त्यानं विश्वास ठेवला. पोरीला आणून न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं चढवलं आणि या वरच्या पायरीवर गुळाचा खडा देऊन बसवलं. वाजंत्री वाजत होती. पोर ज्याला त्याला विचारत होती, "पानी कवा येनार?"

ते अन्नपूर्णेला सोसवेना. डोक्यावरची घागर तिनं खाली ठेवली आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "सोडा तिला. कोंडा मी हाय."

रायाजी पाटील म्हणाले, "सूनबाई, तू अन्नपूर्णा हायेस."

"त्ये तुमी ठिवल्यालं, मामंजी. आईनं कोंडा ठिवलं हुतं. देवीनं मला हाक मारली, त्या लेकराला न्हाई."

सुभानजी आईकडे वळला. "आये, ही काय म्हनती?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "खरं हाय. म्याच पुसलं तिचं नाव."

कोंडा पायऱ्या उतरू लागली. तिला कोणी अडवलं नाही. एकाच्या बदल्यात सगळं गाव वाचणार होतं आणि सगळ्या गावाला तहान लागली होती. ती तळाशी जाऊन उभी राहिली आणि तिच्यामागून पाटलीणबाई उतरल्या. कमरेला सुनेनं खाली ठेवलेली, घरातली शेवटची भरलेली घागर, हातात तांब्या. वरून पाटील ओरडले, तू कुठं चाललीस म्हणून. त्या आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवून बोलल्या.

"देवी काय म्हनली? कोंडेच्या नावानं पानी सोडा. कोंडेला सोडा म्हनली का? पानी सोडा म्हनली, तर पानीच सोडूया की!"

त्यांनी तांब्या भरला, सुनेसमोर धरला आणि हाक मारली, "कोंडे!"

नऊ वर्षांत ती हाक दुसऱ्या कोणाच्या तोंडून सुनेच्या कानावर आली नव्हती. त्यांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती "ओ" म्हणाली आणि तिथंच मातीत बसून ओक्साबोक्शी रडली. पाटलीणबाईंनी तिच्या नावानं पाणी सोडलं.

काही झालं नाही. मातीनं तेवढं पाणी पिऊन टाकलं. वर पुरुष कुजबुजायला लागले. तेव्हा राखमा कुंभारीण आपली घागर घेऊन खाली आली. "माज्या बापानं मला साळू म्हनलं हुतं," म्हणाली आणि पाणी सोडलं. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. मी येसू. मी बनाई. मी तान्ही, तान्हीच ऱ्हायले. पिण्यासाठी राखलेलं पाणी होतं ते, उद्या घशाला काय हा विचार कोणी केला नाही. वर उभ्या असलेल्या पुरुषांना त्या दिवशी आपापल्या बायकांची नावं कळली, असं माझी आजेसासू सांगायची आणि मोठ्यानं हसायची.

सगळ्यांत शेवटी राहिल्या पाटलीणबाई. स्वतःच्या नावाचा तांब्या त्यांनी अजून सोडला नव्हता. घागरीत तेवढंच उरलं होतं. त्या तांब्या धरून उभ्या राहिल्या. सगळ्या बाया त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "मला आठवंना गं."

पाच वर्षांच्या असताना त्यांचं लग्न होऊन त्या इथं आल्या होत्या. सासूनं ठेवलेलं एक नाव होतं, पण ते त्यांना नको होतं, त्याच्या आधीचं हवं होतं. ते ठाऊक असलेलं माहेरचं माणूस एकही उरलं नव्हतं. ज्या बाईनं सुनेचं नाव पुसलं तिचं स्वतःचं इतकं पुसलं गेलं होतं की तिचं तिलाही सापडेना. कोंडा मातीतून उठली आणि तिनं सासूच्या हाताला हात लावला. काही न बोलता दोघींनी मिळून तो तांब्या सोडला.

ते पाणी जिथं पडलं तिथली माती वाळेना. बघता बघता तिथून बुडबुडे आले आणि झरा फुटला, असं म्हणतात. बायांचे घोटे बुडाले तेव्हा कुठं त्यांना पायऱ्या चढायचं भान आलं.

पाणी नक्की कोणाच्या नावानं लागलं, यावर आमच्याकडे अजून वाद चालतो. काही म्हणतात, कोंडेच्याच, झरा फुटायला थोडा वेळ लागायचाच. शाळेतले गुरुजी म्हणतात, बारा हात खणल्यावर कधी ना कधी लागणारच होतं. लागू द्या त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. मला विचाराल तर देवीनं एकीचं नाव सांगून सगळ्यांची वदवून घेतली.

धनगराची पोर पाटलांच्या घोड्यावर बसून आपल्या घरी गेली. कोंडा पुष्कळ जगली, तिच्या लेकीचं लग्न, बाळंतपणं तिनं डोळ्यांनी पाहिली. काही जण ती तळ्यातच राहिली असं सांगतात, कारण त्यांना रडवणाऱ्या गोष्टी आवडतात. मी तसं सांगत नाही.

आजही वरात इथं आली की नवरी खालच्या पायरीवर उभी राहते. सासू तिला तिच्या माहेरच्या नावानं तीनदा हाक मारते, नवरी ओ देते आणि तिच्या नावानं एक तांब्या पाणी सोडतात. मग वाजंत्री थांबते. सासू आणि सून दोघी मिळून दुसरा तांब्या धरतात आणि तोंडानं अक्षर न काढता सोडतात. तो पाटलीणबाईंचा. पाटलांचं नाव रायाजी, लेकाचं सुभानजी, हे सगळ्यांना पाठ आहे. पाटलांच्या घोड्याचं नावसुद्धा सांगतात, मोती. पाटलीणबाईंना काय म्हणायचे, ते मात्र आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.