राणीतळं कोणी नासवलं?

राणीतळं नासलं. पाणी हिरवंगार, वर मेलेले मासे, आणि वास असा की रणधीरराव महाराज नाकाला फडकं लावून जेवायला बसले. दिवाण आबाजीपंत म्हणाले, ही भोयांची घाण, त्यांना हाकला. दिवाणांना दुसरं काही सुचलंय कधी?

महाराजांनी भोयांना बोलावून बजावलं, "तळं नासवणाऱ्याला उद्या जाळ्यात धरून आणा. ज्याला धराल, त्याने काठ सोडायचा. नाही धरलात, तर तुम्ही सोडायचा."

भोई रडकुंडीला आले. तळं सोडून खायचं काय? येसू भोईण तेवढी गप्प. ती गप्प बसली की काहीतरी शिजतंय, हे तिच्या नवऱ्याला अनुभवाने ठाऊक. तिने दोन मडकी उचलली आणि तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या कडेने वर चालू लागली.

सकाळी बघतात तर राजवाड्याच्या दारात महाराजांची लाडकी मोटार, मोठ्या जाळ्यात आवळलेली! शेजारी येसू, कमरेवर हात ठेवून.

महाराज तापले. मोटार तळ्याकडे कधी फिरकली तरी होती का?

"सरकार, ही पिते काय?" येसूने विचारलं.

"मक्याची दारू. विलायती तेल परवडत नाही म्हणून मीच गाळायला लावली."

"आणि मका काय खातो?"

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. ओढ्याच्या काठापर्यंत मका पंतांनीच पेरवला होता. पंत पुटपुटले, खत घातलंय, पोत्यांनी.

"मक्याने खाऊन उरलं ते पावसाने ओढ्यात, ओढ्याने तळ्यात. त्यावर शेवाळ माजलं, कुजलं, मासे गुदमरले. पिते ही, आणि ओकते आमच्या तळ्यात!"

पंत ओरडले, खोटं आहे. येसूने दोन्ही मडकी त्यांच्यापुढे ठेवली.

"एकात ओढ्याचं मक्याच्या शेताच्या वरचं पाणी, एकात शेताखालचं. खोटं ना? मग प्या कुठलंही."

पंतांनी आत डोकावलं आणि नितळ पाण्याचं मडकं झटकन उचललं.

महाराजांना हसू फुटलं. "पंत, हात बरा अचूक गेला! बरं, येसू, आता या मोटारीला शिक्षा काय करू?"

"हुकूम तुमचाच आहे, सरकार. ज्याला धरलं, त्याने काठ सोडायचा. मोटार काठावर राहतेय कुठे? तिचा मका हलवा."

महाराज पोट धरून हसले. ओढ्याचा आणि तळ्याचा काठ खत अडवणारं गवत राखायला भोयांना तोडून दिला, येसूला हिरवं लुगडं दिलं. मका घटला, दारू आटली. त्या दसऱ्याला महाराज मोटारीतूनच मिरवले, पुढे बैलजोडी जुंपून. कासरा पंतांच्या हातात होता.